जायंट्स २०२१: बाकावरच्यांनी जिंकून दिलेला सीझन

खाडीकर:
बेसबॉलवर इथे फारसं कोणी लिहीत नाही, त्यामुळे जरा लांबण लावतोय. कंटाळा आला तर खुशाल पुढच्या धाग्यावर जा.

२०२१ चा सीझन सुरू होण्याआधी आकडेपंडित सॅन फ्रान्सिस्को जायंट्सना १६२ पैकी ७५ च्या आसपास विजय देत होते. डॉजर्स आदल्या वर्षीचे विजेते, सॅन दिएगोच्या पाद्रेजनी पैसा ओतलेला, म्हणजे जायंट्स गटात तिसरे हे धरूनच चालले होते सगळे. झाले १०७ विजय. संघ न्यूयॉर्कला होता तेव्हा १९०४ मध्ये १०६ जिंकले होते, तो विक्रमही गेला. डॉजर्सनी १०६ जिंकूनही ते दुसरे आले, आणि गटाचा निकाल शेवटच्या दिवशी, ३ ऑक्टोबरला लागला.

आता याचं श्रेय बहुतेक जण बस्टर पोझी आणि ब्रँडन क्रॉफर्डला देतात. दोघंही पस्तिशीला टेकलेले आणि दोघांनीही कमाल केली. पोझीची बॅटिंग सरासरी .३०४ (म्हणजे हजारात ३०४ हिट), क्रॉफर्ड .२९८ आणि २४ होमरन (बॉल थेट कुंपणापार). वाद नाही. पण मला बोलायचंय ते लमॉन्ट वेड ज्युनियर आणि डॅरिन रफबद्दल.

वेड फेब्रुवारीत मिनेसोटाकडून आला, शॉन अँडरसन नावाच्या पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) बदल्यात. बातमी कोणी वाचलीही नसेल. तोवर दोन वर्षांत मिळून ४२ सामने, २ होमरन. सीझनच्या सुरुवातीला तर तो मुख्य संघात नव्हताच. नंतर आला आणि १०९ सामन्यांत १८ होमरन मारले. त्यातही नवव्या इनिंगमध्ये बरोबरी साधून देणारे किंवा आघाडी मिळवून देणारे हिट सहा वेळा! ‘लेट नाइट लमॉन्ट’ हे नाव त्यावरून पडलं.

रफची कथा त्याहून वळणाची. फिलाडेल्फियाने २०१६ नंतर वाट दाखवली, म्हणून तीन वर्षं दक्षिण कोरियात सॅमसंग लायन्सकडून खेळला. तिथे ८६ होमरन. २०२० मध्ये जायंट्सनी त्याला नुसतं सरावाला बोलावलं होतं, संघात जागेची हमी नाही. २०२१ मध्ये हा पस्तिशीचा माणूस .२७१ ने खेळला, १६ होमरन मारले आणि शंभरातल्या अडतीस-एकोणचाळीस वेळा बेसवर पोचला.

माझं म्हणणं एवढंच: असल्या सीझनला आपण ‘नशीब’ म्हणतो किंवा ‘जिद्द’ म्हणतो, आणि दोन्ही वेळा त्या माणसाला कधी खेळवायचं नाही हे ठरवणाऱ्याला विसरतो. मॅनेजर गेब कॅप्लरने या दोघांना हवं तेव्हा मैदानात काढलं आणि नको तेव्हा बाकावर ठेवलं. ते आकडे निम्मे त्याचे आहेत.

नुसताच वाचक:
वाचतोय. बेसबॉल ओ की ठो कळत नाही पण लिहा. एक शंका: हे म्हणजे आपल्या शार्दूलचं गॅबा का? जानेवारी २०२१, ६७ रन, सुंदरबरोबर १२३ ची भागीदारी. बोलर म्हणून घेतलेला माणूस बॅटने सामना फिरवतो.

आकडेमोड:
@नुसताच वाचक, नाही हो. ती एक इनिंग होती. इथे सहा महिने जवळजवळ रोज सामना असतो. एक दिवस कोणीही चमकतो, सहा महिने चमकायला काहीतरी लागतं.

पण @खाडीकर, तुमच्या ‘लेट नाइट’वर मात्र माझा आक्षेप आहे. वेडची नवव्या इनिंगमधली कामगिरी २३ मध्ये १३ हिट अशी होती. .५६५! असा बॅटर जगात झालेला नाही आणि होणारही नाही. तेवीस ही काय संख्या झाली? नाणंसुद्धा तेवीसदा उडवलं तर कधीतरी असा छापा-काट्याचा खेळ दाखवतं. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, हाच वेड .२०७ आणि ८ होमरन. गुडघ्याचं दुखणं होतं हे मान्य, पण गाडी सरासरीकडे परतली हे खरं. रफचं तर विचारूच नका, ऑगस्टमध्ये मेट्सला गेला आणि तिथे .१५२, होमरन शून्य. जायंट्स ८१ विजय ८१ पराभव. १०७ वरून एका वर्षात २६ विजय गायब. ‘निम्मे मॅनेजरचे’ म्हणता, मग २०२२ मध्ये कॅप्लर काय सुट्टीवर होता?

खाडीकर:
नवव्या इनिंगबद्दल शंभर टक्के मान्य, ती मजा म्हणूनच सांगितली. तेवीसवर मी घर बांधत नाही.

पण १८ होमरन तेवीस वेळांत आले नाहीत, ३८१ वेळा बॅट धरून आले. आणि आकडेवारीच्या यादीत नाव येण्यासाठी सीझनमध्ये ५०२ वेळा बॅटिंगला यावं लागतं. १०७ सामने जिंकलेल्या या संघात तेवढ्या वेळा आलेले बॅटर किती? दोन. क्रॉफर्ड आणि माइक यास्त्रेम्स्की. बास. पोझीसुद्धा नाही, कारण पस्तिशीच्या कॅचरच्या गुडघ्यांना ठरवून विश्रांती दिली जात होती. अशा संघाने २४१ होमरन मारले, तोही संघाचा विक्रम. म्हणजे ‘नियमित अकरा’ सारखी गोष्टच त्यांच्याकडे नव्हती (बेसबॉलमध्ये नऊ असतात, @नुसताच वाचक).

कॅप्लर २०२२ ला सुट्टीवर नव्हता, पण पोझी निवृत्त झाला होता, पिचर केव्हिन गॉसमन टोरंटोला गेला होता आणि आमचा बॅटर ब्रँडन बेल्टचा गुडघा गेला होता. खांब काढले की वाशांवर भार येतो. ज्या वेडला आठवड्यातून चार दिवस निवडून खेळवायचं, त्याच्यावर रोज अवलंबून राहायची वेळ आली.

सॉफ्टबॉलवाली:
जळगावला शाळेपासून सॉफ्टबॉल खेळले, नंतर विद्यापीठाकडून. इथे लिहायचा तेवढा हक्क आहे असं समजते. :)

वाचकांसाठी डावं-उजवं सांगून टाकते, कारण सगळी गंमत तिथे आहे. उजव्या हाताच्या पिचरचा ब्रेकिंग बॉल उजव्या बॅटरपासून लांब पळतो. बॅटरला वाटतं अंगावर येतोय, आणि शेवटच्या क्षणी तो बाहेर सटकतो. तोच बॉल डावऱ्या बॅटरच्या दिशेने आत येतो आणि त्याला हातातून सुटतानाच नीट दिसतो. म्हणून डावरा बॅटर उजव्या पिचरपुढे खुलतो, आणि उलट. क्रिकेटमध्येही लेगस्पिनर-ऑफस्पिनरचं असं गणित असतंच, पण तिथे बॅटरला बाहेर ठेवून दुसरा आणता येत नाही. इथे येतो. एकदा बाहेर गेलेला मात्र त्या सामन्यात परत येत नाही, त्यामुळे मॅनेजरला पत्ते जपून टाकावे लागतात.

वेड डावरा. समोर डावरा पिचर असला की बहुतेकदा बाकावर. रफ उजवा, त्याचं उलट. बाकावर ऑस्टिन स्लेटर होताच, तोही उजवा, तोही डावऱ्या पिचरवर सोडायचा माणूस. समोरच्याने सातव्या इनिंगमध्ये पिचर बदलला की यांनी बॅटर बदलायचा. त्या वर्षी जायंट्सच्या पिंच-हिटरनी (असं मधेच दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला येणाऱ्यांनी) १८ होमरन मारले, मेजर लीगच्या इतिहासात एका सीझनमध्ये एवढे कुणीच नाही.

आणि हे मला सर्वात थोर वाटतं. दोन तास बसून राहायचं, अंग थंड, आणि एकदम ताशी दीडशे किलोमीटरच्या बॉलसमोर उभं राहायचं. तेही एकदाच. चुकलं तर दुसरी संधी उद्या किंवा परवा. मी हे कॉलेजात केलंय, हात बॅटला चिकटल्यासारखे होतात. रोज खेळणाऱ्यांपेक्षा पिंच-हिटर साधारण वाईटच खेळतात हे आकडेवाले अनेक वर्षं दाखवत आलेत. त्यामुळे ते १८ नुसते मॅनेजरच्या खात्यात टाकू नका. पत्ता टाकणारा तो असेल, पण बॉल त्याने मारलेला नाही.

आकडेमोड:
@सॉफ्टबॉलवाली +१. पिंच-हिटिंगचा तोटा ही सिद्ध गोष्ट आहे, आणि म्हणूनच मला त्या १८ मध्ये नशीबही दिसतं. दोन्ही असू शकतं.

डॉजरनगरी:
चालू द्या जायंट्सचं कीर्तन. 😀 आता लॉस एंजेलिसहून दोन शब्द.

हा जो फॉर्म्युला तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोचा म्हणून सांगताय तो आमच्या स्वयंपाकघरातला आहे. जायंट्सचा तेव्हाचा कारभारी फरहान झैदी २०१८ पर्यंत डॉजर्सचा जनरल मॅनेजर होता. (पालक पाकिस्तानी, जन्म कॅनडातला, वाढला फिलिपिन्समध्ये, बर्कलीहून अर्थशास्त्रात पीएचडी. आपल्या मंडळींना एवढं कळलं की बेसबॉलमध्ये एकदम रस येतो.) त्याच्या काळात आम्ही काय उचललं बघा:

ख्रिस टेलर. सिएटलने २०१६ मध्ये एका पिचरच्या बदल्यात देऊन टाकला. त्याने स्विंग बदलला, २०१७ मध्ये २१ होमरन आणि लीगच्या अंतिम मालिकेत जस्टिन टर्नरबरोबर सर्वोत्तम खेळाडूचा मान.

आणि मॅक्स मन्सी. ऑकलंडने मार्च २०१७ मध्ये सोडून दिला. सोडून दिला म्हणजे कोणी फुकट नेणारंही नव्हतं. आम्ही मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या पातळीवर) ठेवला. २०१८ मध्ये कोणीतरी जखमी झाल्यावर वर बोलावला तर ३५ होमरन! तुम्ही म्हणाल एका वर्षाची चमक. २०१९ मध्ये पुन्हा ३५. २०२१ मध्ये ३६. याला सरासरीकडे परतणं म्हणायचं का @आकडेमोड? आधीची सरासरीच खोटी होती, कारण खरा मन्सी आधी कोणी पाहिलाच नव्हता.

खाडीकरांच्या मुद्द्याला एवढंच उत्तर: वेड-रफ ही सोय होती, मन्सी ही सुधारणा होती. दोन्ही एका पोत्यात भरू नका.

खाडीकर:
डॉजर्सवाल्याकडून मुद्द्याचं बोलणं! नोंद करून ठेवतो. आणि हो, मान्य आहे, हे दोन वेगळे प्रकार आहेत. पण पहिल्या वर्षी दोन्ही सारखेच दिसतात. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मन्सी टिकेल असं छातीठोक सांगणारे तुम्ही किती जण होतात?

डॉजरनगरी:
शून्य. मी तर त्याला विकून टाका म्हणत होतो.

जुना चेंडू:
उशिरा आलो, पण हा माझा आवडता विषय. ऐंशीच्या दशकात इकडे आलो तेव्हापासून पाहतोय.

मन्सीच्या जातीचा सर्वात मोठा नमुना होजे बॉटिस्टा. २००४ या एका वर्षात चार संघांच्या टोप्या घातल्या त्याने: बाल्टिमोर, टँपा, कॅन्सस सिटी, पिट्सबर्ग. २००८ मध्ये टोरंटोला आला तो भरतीचा माणूस म्हणून. तोवर एका सीझनमध्ये सर्वाधिक होमरन १६. टोरंटोत मॅनेजर सिटो गॅस्टन आणि कोच ड्वेन मर्फी यांनी त्याला एकच गोष्ट सांगितली: तू उशीर करतोयस, हालचाल लवकर सुरू कर. पुढचा पाय उंच उचलून तो आधीच तयार होऊ लागला. २००९ च्या शेवटच्या महिन्यात १० होमरन आले, पण हरलेल्या संघाचा सप्टेंबर कोण बघतो? २०१० मध्ये ५४. लोकांनी नको ते संशय घेतले. २०११ मध्ये ४३ मारले तेव्हा तोंडं बंद झाली.

दुसऱ्या जातीचा नमुना नॉर्म कॅश, डेट्रॉइट, १९६१. सरासरी .३६१, लीगमध्ये पहिला. पुढच्या वर्षी .२४३. नंतर बरीच वर्षं चांगला खेळला, होमरनही भरपूर मारले, पण .३०० परत कधी दिसलं नाही. त्या वर्षी बॅट आतून पोखरून बूच भरलं होतं, हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं. गंमत म्हणजे अशा बॅटने फार काही फायदा होत नाही असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे फसवलंही आणि यशाचं कारण तेही नव्हतं!

तर ओळखायचं कसं? माझा ठोकताळा: काय बदललं ते आधी विचारा. बॉटिस्टाचा पाय बदलला. टेलरचा स्विंग बदलला. वेडचं काय बदललं? कधी खेळवायचं ते बदललं. रफचं? कोरियात रोज खेळायला मिळालं, हे मला मोठं कारण वाटतं. अमेरिकेत त्याला बाकावर बसवून बसवून गंजवला होता.

सॉफ्टबॉलवाली:
@जुना चेंडू, रोज खेळायला मिळण्याचा मुद्दा पटला. मायनर लीगमधल्या लोकांचं हेच होतं. खेळत नाही म्हणून फॉर्म नाही, फॉर्म नाही म्हणून खेळवत नाहीत.

पैशाचा मुद्दाही कोणी काढला नाही अजून. २०२१ मध्ये मेजर लीगमधला किमान पगार वर्षाला ५,७०,५०० डॉलर होता. आपल्याला तो डोळे पांढरे करणारा वाटतो, पण मोठ्या नावांचे करार वर्षाला अडीच-तीन कोटी डॉलरच्या घरात जातात. किमान पगाराच्या आसपासचे चार बाकावरचे खेळाडू मिळून एका महागड्या खेळाडूचं काम करत असतील तर संघमालक खूशच. त्यात खेळाडूचं नुकसान होतं. अर्धवेळ खेळला की आकडे कमी, आकडे कमी की पुढचा करार छोटा. ‘हुशार व्यवस्थापन’ म्हणून टाळ्या वाजवताना हे कोणाच्या खिशातून जातं तेही बघा.

आकडेमोड:
हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. खरं आहे.

बुलपेन, म्हणजे मधेच येणारे बदली पिचर, विसरू नका. नावं कोणी घेत नाही म्हणून मी घेतो. डॉमिनिक लिओन मायनर लीगच्या करारावर आला होता, २०२१ मध्ये ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तेवढे चांगले) १.५१. पुढच्या सप्टेंबरमध्ये जायंट्सनीच त्याला सोडून दिलं. टायलर रॉजर्स मात्र जमिनीला हात घासेल असा खालून टाकतो, ८० सामने आणि २.२२, आणि तो पुढेही वर्षानुवर्षं टिकला. रिलीव्हर पिचर एका वर्षात साठ-सत्तर इनिंग टाकतो, तेवढ्यात माणूस चांगला की नशीबवान हे सांगणं माझ्यासारख्यालाही अवघड. एवढा नमुना घेऊन ऑफिसात गेलो तर बॉस हाकलून देईल.

नुसताच वाचक:
आता खरंच बघावंसं वाटतंय. एकच सामना बघायचा तर कुठला?

खाडीकर:
दोन बघा, जोडीने.

पहिला २२ जुलै २०२१, डॉजर स्टेडियम. नववी इनिंग, डॉजर्स ३-२ ने पुढे, दोन आऊट, तिन्ही बेस भरलेले, समोर केन्ली जॅन्सन. बॅटिंगला रफ. शेवटच्या बॉलवर त्याने बॅट निम्मी काढून आवरली. डॉजर्स म्हणाले स्विंग झाला, म्हणजे तिसरा स्ट्राइक, आऊट, सामना संपला. पहिल्या बेसवरच्या अंपायरने नाही म्हटलं, म्हणजे तो चौथा वाईट बॉल ठरला. रफ चालत पहिल्या बेसवर, बरोबरीचा रन आत. डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स भांडायला आला, त्याला बाहेर काढलं. पुढचा बॅटर वेड. हिट, दोन रन. ५-३.

दुसरा १४ ऑक्टोबर, प्लेऑफचा पाचवा आणि निर्णायक सामना, आमच्या मैदानावर. जायंट्सचा अख्ख्या सामन्यातला एकमेव रन रफच्या होमरनचा. नववी इनिंग, २-१ ने मागे, मॅक्स शर्झर पिचिंगला. एक माणूस बेसवर. वेड आला...

डॉजरनगरी:
...आणि स्ट्राइकआऊट होऊन गेला. त्यानंतर विल्मर फ्लोरेस. त्यानेही बॅट आवरली, अंपायरने स्विंग दिला, सामना खलास, सीझन खलास. मी शेजाऱ्यांना उठवलं होतं त्या रात्री.

खाडीकर:
तो स्विंग नव्हता.

डॉजरनगरी:
नव्हता. जुलैमधला होता. फिट्टंफाट.

जुना चेंडू:
😀 दोघांनीही आत्ता पहिल्यांदा सत्य मान्य केलं.

आकडेमोड:
जाता जाता एक. मी वर वेडला एका वर्षाचा पाहुणा ठरवून टाकलं, पण आता पुढची वर्षं काढून पाहिली. २०२३ मध्ये बेसवर पोचण्याचं प्रमाण .३७३ आणि १७ होमरन, २०२४ मध्ये .३८०. हा सरासरी माणूस नाही. होमरन कमी-जास्त झाले, पण वाईट बॉल सोडून देण्याची नजर टिकली. ती नजर मायनर लीगमध्येही होती म्हणे त्याच्याकडे.

सॉफ्टबॉलवाली:
नजर टिकतेच. हात जातात आधी.

खाडीकर:
२०२५ मध्ये तेही गेलं. जूनपर्यंत .१६७, मग जायंट्सनी त्याला यादीतून काढलं आणि एंजल्सकडे पाठवलं. आणि तोवर संघाचा कारभारी कोण होता माहितीये? झैदीला २०२४ च्या सीझननंतर काढून त्या खुर्चीत बस्टर पोझीला बसवलं होतं. वेड आणि पोझी, २०२१ मध्ये एकाच डगआऊटमध्ये बसलेले दोघं.

डॉजरनगरी:
वेडच्या जागी घेतला डॉमिनिक स्मिथ. तोही मेट्सने २०२२ नंतर सोडलेला, नंतर इकडेतिकडे फिरलेला डावरा. तुम्ही लोक सुधारणार नाही.

नुसताच वाचक:
जुलैचा सामना बघायला घेतला आहे. अजून तिसरीच इनिंग चालू आहे आणि जेवायची वेळ झाली. हे इतका वेळ चालतं?